न चिकटणाऱ्या दोन नळ्या : खानदेशच्या ठिबकातील एक दुर्लक्षित सांधा

१/
भुसावळहून यावलच्या रस्त्याने तापी ओलांडली की केळीच्या बागा सुरू होतात. याच भागातील फैजपूर इतिहासाच्या विद्यार्थ्यांना १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे ठाऊक असते. ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन. या धाग्याचा विषय मात्र त्याच शिवारातील एक रबरी कडे आहे. ते बोटाच्या टोकावर मावते आणि ते नसते तर या बागांना पाणी पोहोचवणे फार अवघड झाले असते.

२/
केळीच्या बागेतील ठिबकाकडे नीट पाहिले तर दोन प्रकारच्या नळ्या दिसतात. जमिनीत पुरलेला राखी किंवा पांढरा, ताठ पाइप हा सबमेन. त्यातून निघून ओळीओळीने जमिनीवर पसरलेल्या काळ्या, लवचीक नळ्या म्हणजे लॅटरल. बोलताना दोन्हींना ‘प्लॅस्टिक’ असेच म्हटले जाते. परंतु एक पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी, आणि दुसरे पॉलिइथिलीन. हे दोन पदार्थ एकमेकांना बाजारातील कोणत्याही साध्या गोंदाने, लेपाने वा ‘सोल्युशन’ने चिकटत नाहीत.

३/
खानदेशच्या पाण्याचा इतिहास सहसा मोठ्या बांधकामांतून सांगितला जातो. धुळ्याकडे पांझरेवरचे दगडी बंधारे आणि त्यांवर चालणारी सामूहिक फड पद्धत, भुसावळ तालुक्यात तापीवरचे हतनूर धरण, सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरच्या खोल गाळातील विहिरी आणि पुढे कूपनलिका. हे सगळे खरे आहे. पण पाणी धरणातून वा विहिरीतून निघून झाडाच्या मुळाशी पोहोचते ते सांध्यांमधून, आणि सांध्यांचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही.

४/
आधी लोखंडाकडे पाहू. भुसावळ हे वाफेच्या इंजिनांचे गाव होते आणि इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याची भूक असे. त्या युगात ओतीव लोखंडी नळांचे एक टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवत, मधल्या फटीत तागाची दोरी ठासून भरत आणि वरून वितळलेले शिसे ओतत. पुढे जस्त चढवलेले, आटे पाडलेले नळ आले, तेव्हा प्लंबरच्या पिशवीत ताग आणि सफेदा आला. पद्धत बदलली, तत्त्व तेच राहिले. लोखंड लोखंडाला चिकटत नव्हते. गळती थांबवण्याचे काम मधला तिसरा, मऊ पदार्थ करीत होता.

५/
पीव्हीसीने ही जुनी रीत मोडली.

६/
हा पदार्थ वाटतो त्याहून जुना आहे. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला सूर्यप्रकाशात ठेवलेल्या व्हिनाइल क्लोराइड वायूच्या पात्रात पांढरा घन पदार्थ तयार झालेला आढळला. पुढची अनेक दशके त्याचे काय करावे हे कोणाला उमगले नाही. तो ठिसूळ होता आणि तापवला की विघटित होई. १९२६ मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सिमन याने उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवांत तो तापवला आणि हाती रबरासारखा लवचीक पदार्थ आला. गंमत अशी की सिमन तेव्हा प्लॅस्टिक शोधत नव्हता. धातूला रबर चिकटवणारा गोंद शोधत होता.

७/
शेतातील ताठ पाइप मात्र सिमनच्या लवचीक पीव्हीसीचा नव्हे. त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये घालत नाहीत. अशा ताठ पाइपांचा वापर जर्मनीत १९३० च्या दशकात सुरू झाला. या पाइपाचा खरा मोठेपणा त्याच्या सांध्यात आहे.

८/
हार्डवेअरच्या दुकानात ‘सोल्युशन’ म्हणून मिळणाऱ्या डब्यात मुख्यतः टेट्राहायड्रोफ्युरान, मिथाइल इथाइल कीटोन, सायक्लोहेक्झानोन यांसारखे द्रावक असतात आणि त्यांत थोडे पीव्हीसीच विरघळवलेले असते. पाइपाच्या टोकाला ते लावले की पृष्ठभागाचा पातळ थर मऊ होतो. पाइप सॉकेटमध्ये सरकवला की दोन्ही बाजूंच्या लांबलचक रेणुसाखळ्या एकमेकींत शिरतात, गुंततात. द्रावक हळूहळू उडून जाते आणि मागे उरते ते केवळ पीव्हीसी. मध्ये तिसरा पदार्थ राहतच नाही. काटेकोर अर्थाने हे चिकटवणे नव्हे, हे थंड वेल्डिंग आहे. शिसे ओतणाऱ्या जुन्या कारागिराला ही जादूच वाटली असती.

९/
पण या जादूची एक अट आहे. दोन्ही बाजू त्याच द्रावकात विरघळल्या पाहिजेत. एबीएस आणि पीव्हीसी ही दोन वेगळी प्लॅस्टिके असूनही दोघांनाही मऊ करणाऱ्या खास द्रावणाने ती जोडता येतात, कारण ती त्या बाबतीत एकमेकांच्या जवळची आहेत. पॉलिइथिलीनचे तसे नाही.

१०/
पॉलिइथिलीनचा जन्मही अपघातीच. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडात नॉर्थविच येथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांनी इथिलीन वायू आणि बेंझाल्डिहाइड प्रचंड दाबाखाली एकत्र ठेवले. शुक्रवारी सुरू केलेला प्रयोग सोमवारी, २७ मार्चला उघडला तेव्हा पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ होता. १९३९ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि महायुद्धात रडारच्या केबलींवरील आवरणासाठी तो अमोल ठरला. १९५३ मध्ये कार्ल त्सीग्लर याने कमी दाबावर अधिक घन पॉलिइथिलीन बनवण्याची पद्धत शोधली. त्याला आणि पॉलिप्रॉपिलीनवर काम करणाऱ्या जुलिओ नाट्टा याला १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

११/
‘मेणासारखा’ हा शब्द इथे उपमा म्हणून आलेला नाही. पॉलिइथिलीन म्हणजे केवळ कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या. मेणाच्या रेणूंची रचनाही तशीच असते, फक्त त्यांच्या साखळ्या फार आखूड असतात. या साखळ्यांना विद्युतभाराची टोके नाहीत, म्हणून परक्या रेणूला धरायला जागाच नाही. त्यातील बऱ्याच साखळ्या स्फटिकांत घट्ट रचलेल्या असतात, त्यामुळे सामान्य तापमानाला कोणतेही ओळखीचे द्रावक त्यांना सोडवू शकत नाही. उकळत्या झायलीनमध्ये ते विरघळते, पण शेताच्या बांधावर झायलीन उकळणार कोण?

१२/
दुसरी अडचण पृष्ठऊर्जेची. कोणताही गोंद चिकटायचा तर आधी तो पृष्ठभागावर पसरला पाहिजे. पीव्हीसीची पृष्ठऊर्जा साधारण ४० मिलिन्यूटन प्रति मीटर, पॉलिइथिलीनची ३१ च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीनची त्याहूनही थोडी कमी. बहुतेक गोंदांचा पृष्ठताण यापेक्षा अधिक असल्याने ते पॉलिइथिलीनवर पसरण्याऐवजी स्वतःतच आखडतात. कोऱ्या काळ्या नळीवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. अळवाच्या पानावरच्या पाण्याची आठवण व्हावी असा तो फुगून बसतो.

१३/
म्हणून पीव्हीसीच्या पाइपात भोक पाडून, काळी नळी त्यात खोचून वर सोल्युशन थापले तर काय होते? सोल्युशन पाइपाला धरते, वाळून कडक होते, वरवर सांधा पक्का दिसतो. पंप सुरू झाला, दाब आला, की नळी त्या कडक लेपातून साच्यातून मूर्ती निघावी तशी स्वच्छ बाहेर येते. तिच्यावर सोल्युशनचा कणही उरत नाही.

१४/
मग दोन्ही नळ्या एकाच प्लॅस्टिकच्या का केल्या नाहीत? कारण काम वेगळे आहे. पुरलेला पाइप ताठ, दाब सोसणारा आणि स्वस्त हवा. त्यासाठी पीव्हीसी योग्य, पण उन्हात पडून राहिले तर ते कमकुवत होते. जमिनीवरची नळी गुंडाळता आली पाहिजे, पाय पडला तर दबून पुन्हा उठली पाहिजे, खानदेशचे एप्रिल-मे सोसले पाहिजेत. त्यासाठी पॉलिइथिलीन आणि त्यात सुमारे अडीच टक्के कार्बनची काजळी. नळीचा काळा रंग शोभेचा नाही. ती काजळी ऊन अडवते.

१५/
ही दोन्ही प्लॅस्टिके भारतात जवळपास एकाच वेळी बनू लागली. पॉलिइथिलीन १९५९ मध्ये बंगालमधील रिश्रा येथे, पीव्हीसी १९६१ मध्ये मुंबईत कॅलिको मिल्सच्या कारखान्यात. तिकडे इस्राएलमध्ये अभियंता सिम्चा ब्लास स्वस्त प्लॅस्टिक नळ्या हाती आल्यावर आपली जुनी कल्पना पुन्हा तपासत होता. गळक्या नळाशेजारचे एक झाड इतरांहून जोमाने वाढलेले त्याने कित्येक वर्षांपूर्वी पाहिले होते. १९६५ मध्ये नेगेव वाळवंटातील हत्झेरिम किबुत्झने त्याच्याशी करार केला आणि नेटाफिम ही कंपनी उभी राहिली. ठिबक सिंचनाची कल्पना प्लॅस्टिकच्या आधीची आहे. ती परवडू लागली ती प्लॅस्टिकमुळे.

१६/
जळगावात ही कथा रॉकेलच्या हातगाडीपासून सुरू होते. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलविक्रीने व्यवसायाला आरंभ केला. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक कारखाना घेऊन त्यांनी तो पपईच्या चिकापासून पपेन बनवण्याकडे वळवला. १९८० मध्ये पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू झाले. शेतीतील प्लॅस्टिकवापरासाठी केंद्राने १९८१ मध्ये राष्ट्रीय समिती नेमली, महाराष्ट्र शासनाने १९८६-८७ पासून ठिबकाला अनुदान देऊ केले, आणि याच दशकाच्या उत्तरार्धात जैन इरिगेशनने ठिबक संच बाजारात आणले. सुप्रीम इंडस्ट्रीजचा मोठा पाइप कारखानाही याच जिल्ह्यात, गाडेगावला आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटयांचे कारखाने आहेत, त्या चटया पॉलिप्रॉपिलीनच्या. पीव्हीसी, पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन असे तिन्ही पदार्थ एकाच जिल्ह्यात रोजच्या धंद्याचे झाले.

१७/
आता त्या रबरी कड्याकडे येऊ. त्याला ग्रोमेट म्हणतात. हा इंग्रजी शब्द मूळचा जहाजांवरचा, दोर वळून केलेल्या कड्यासाठी खलाशी तो वापरत. ठिबकातील ग्रोमेट रबराचे असते आणि त्याच्या बाहेरच्या कडेला एक खाच असते. पीव्हीसी पाइपाला ड्रिलने गोल भोक पाडायचे, ग्रोमेट दाबून त्यात बसवायचे, म्हणजे भोकाची कड त्या खाचेत अडकते. मग ग्रोमेटच्या छिद्रात टेक-ऑफ नावाची छोटी, कडक तोटी ठोकायची. तोटी छिद्राहून किंचित जाड असल्याने रबर चहूबाजूंनी दाबले जाते. तोटीच्या बाहेरच्या टोकावर माशाच्या गळासारखे उलटे दात असतात. त्यांवर काळी नळी चढवली की ती ओढून सहज निघत नाही.

१८/
गोंदाचा थेंबही न वापरता चार वस्तू जोडल्या गेल्या. पीव्हीसीचा पाइप, रबराचे कडे, बहुधा पॉलिप्रॉपिलीनची तोटी आणि पॉलिइथिलीनची नळी. त्यांतील कोणतीही दुसरीला चिकटलेली नाही. रबराला पूर्ववत व्हायचे आहे आणि त्याला तसे होऊ दिले जात नाही, एवढ्यावर सांधा टिकतो. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने गंधकासह तापवून पक्के केलेल्या रबराचा हा गुण. तागाची दोरी आणि शिसे ज्या जागी होते, त्याच जागी शंभर-दीडशे वर्षांनी हे कडे येऊन बसले. पीव्हीसीने हाकललेला तिसरा पदार्थ पॉलिइथिलीनने परत आणला.

१९/
कौशल्य मात्र लागते. भोक तिरके पडले, कडेला बुरा राहिला किंवा ड्रिलचे पाते एक मापाने मोठे निघाले, तर ग्रोमेट गळतो. दाब मर्यादेबाहेर गेला तर टेक-ऑफ उडून पडतो आणि एका जागी तळे साचून ओळीच्या शेवटची झाडे तहानलेली राहतात. अनुदानाच्या फायलीत संचाची किंमत असते, एका वाकड्या भोकाची नसते. केळीसारख्या पाण्यावर जगणाऱ्या पिकाला ऐन उन्हाळ्यात ती किंमत घडाच्या वजनात मोजावी लागते. गळतीवर गावोगाव चालणारा तात्पुरता उपायही रबराचाच, जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळायची. नळीचे शेवटचे टोकही चिकटवून बंद करत नाहीत. ते दुमडून आठच्या आकड्यासारख्या कडीत अडकवतात.

२०/
न चिकटण्याचा एक लाभ असा झाला की सांधा सुटतो. केळीचे पीक निघाल्यावर नळ्या ओढून गुंडाळता येतात, शेत नांगरता येते, पुढच्या लागवडीला त्याच नळ्या पुन्हा पसरता येतात. सोल्युशनने एकजीव झालेला सांधा कापल्याशिवाय निघत नाही. ज्या शेतात दर हंगामात ओळी बदलतात तेथे कायमचा जोड ही अडचणच ठरली असती.

२१/
एकाच कुळातील पदार्थांची गोष्ट निराळी. इनलाइन लॅटरलमध्ये ठरावीक अंतरावर ड्रिपर नळीच्या आतच बसवलेले असतात. ते कारखान्यात, नळी यंत्रातून गरम गरम बाहेर येत असतानाच तिच्या आतल्या भिंतीला चिकटतात, कारण दोन्ही पॉलिइथिलीनच्या जातीचे असतात. उष्णता तेथे द्रावकाचे काम करते. पण हीच उष्णता पीव्हीसी आणि पॉलिइथिलीनला एकत्र आणत नाही. वितळलेल्या अवस्थेतही ती तेल-पाण्यासारखी वेगळी राहतात.

२२/
विज्ञानाने हार मानली असे नाही. १९५१ मध्ये डेन्मार्कच्या व्हर्नर आइस्बी याने प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावरून उच्च दाबाचा विद्युतप्रवाह खेळवून त्याला गोंद आणि शाई धरायला लावण्याची युक्ती काढली. तिला कोरोना प्रक्रिया म्हणतात (रोगाशी संबंध नाही). ज्वाळेचा झपाटा देऊनही तेच साधते. दोन्हींत पृष्ठभागावर ऑक्सिजन बसतो आणि गोंदाला धरायला जागा मिळते. अलीकडे बोरॉनची संयुगे असलेले अ‍ॅक्रिलिक गोंद पॉलिइथिलीनला थेट चिकटतात. कारखान्यांत ते चालतात. शेतातील साऱ्या सांध्यांसाठी त्यांचा खर्च आणि साफसफाई कोण करणार? स्वस्त रबरी कडे तेथे आजही सरस आहे.

२३/
कोरोना प्रक्रिया खानदेशात पोहोचली ती दुसऱ्या वाटेने, केळीच्याच मागोमाग. भुसावळ-सावदा-फैजपूर पट्ट्यातील केळी वेफर्स प्रसिद्ध आहेत. छापील, चकचकीत पुड्यांत जे वेफर्स विकले जातात त्यांचा पुडा एका प्लॅस्टिकचा नसतो. बाहेर छपाई धरणारा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचा थर, आत उष्णतेने बंद होणारा पॉलिइथिलीनचा थर, कधी मध्ये धातूचा अतिशय पातळ मुलामा. हे थर पॉलियुरेथेनच्या गोंदाने असे जोडलेले असतात की नखाने सोलून निघत नाहीत. शेतात न जमलेली गोष्ट वेफर्सच्या पुड्यात जमली.

२४/
आणि नेमके तेथेच नवे संकट उभे राहिले. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी पुनर्वापर न होणारे बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत हद्दपार करण्याचे ठरवले. २०१८ च्या दुरुस्तीत त्या वाक्याला शेपूट जोडले गेले. पुनर्वापर होत नाही, ऊर्जाही मिळत नाही आणि दुसरा कोणताही उपयोग नाही, असेच प्लॅस्टिक आता त्या कलमात उरले. जाळून ऊर्जा मिळते म्हटल्यावर बहुतेक पुडे त्यातून सुटले. कायद्याच्या भाषेतील हा बदल लहान दिसतो, पण इतक्या मेहनतीने चिकटवलेले थर पुन्हा वेगळे करण्याचा परवडणारा मार्ग हाती नव्हता, हे त्यामागचे वास्तव आहे.

२५/
जुन्या ठिबकाचे तसे होत नाही. उन्हाने थकलेल्या काळ्या नळ्या भंगारात वजनावर विकल्या जातात, पीव्हीसीचे तुकडे निराळे. टेक-ऑफ उपटला की सांधा मोकळा. ही विभागणी महत्त्वाची असते, कारण पॉलिइथिलीन वितळवताना त्यात पीव्हीसीचे थोडे तुकडे राहिले तरी ते हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतात, माल डागाळतो आणि यंत्रही गंजते.

२६/
चुकून मिसळलेच तर पुनर्वापराच्या कारखान्यांतील उपाय सोपा आहे. नळ्या-पाइपांचा चुरा करून पाण्याच्या हौदात टाकतात. पॉलिइथिलीनची घनता पाण्याहून कमी, ०.९२ च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीनची ०.९० आणि पीव्हीसीची जवळजवळ १.४. काळे तुकडे वर तरंगतात, टेक-ऑफचे तुकडे त्यांच्यासोबत वर येतात, राखी तुकडे तळाशी जातात. वरचा थर जाळीने काढून घेतात.